सांडपाण्याचें शास्त्र आणि आमचें सोवळें

जून महिना लागला म्हणजे आमच्यासारख्या कॉलेजांतील जुन्या खोडांच्या घरीं एक निराळीच यात्रा भरूं लागते. परीक्षांचे निकाल हातांत घेऊन आईबाप येतात, बरोबर मुलगा किंवा मुलगी असते, आणि 'कोणती शाखा घ्यावी' ह्या प्रश्नाचा निकाल आमच्याकडून लावून घेऊं पाहतात. आम्हीं जन्मभर इंग्रजी वाङ्मय शिकविलें. यंत्रांशीं आमचा संबंध घरांतला पंखा बिघडण्यापुरता. तथापि 'प्रोफेसर' ह्या उपपदाविषयीं समाजांत अद्याप जी थोडीबहुत श्रद्धा उरली आहे तिच्या बळावर हे लोक आमचा जिना चढतात, व आम्हीही चहा पाजून त्यांस यथामति चार गोष्टी सांगतों.

२०२५ च्या जूनमध्यें अशाच एका संध्याकाळीं एक परिचित गृहस्थ आपल्या कन्येस घेऊन आले. मुलगी हुशार, गुणही उत्तम. तिनें पर्यावरण-अभियांत्रिकीच्या पदवीवर बोट ठेवलें होतें, आणि तेंच गृहस्थांच्या चिंतेचें कारण होतें. ते म्हणाले, "सर, कॉम्प्युटरला सहज नंबर लागतो आहे. तो सोडून ही म्हणते पर्यावरण! चार वर्षें शिकायचें तें काय गटारें पाहण्यासाठीं? आमच्या घराण्यांत आजवर कोणी हें केलें नाहीं." मुलगी मान खालीं घालून बसली होती. ती एवढेंच म्हणाली, "बाबा, आपल्या सोसायटींत सगळे महिनाभर पाणी उकळून पीत होते ना? तें पाणी कशानें बिघडलें, हें कोणी सांगितलें का?" गृहस्थांनीं तिकडे लक्ष दिलें नाहीं, व आम्हींही त्या वेळीं भिडेनें कांहींतरी मोघम बोलून वेळ मारून नेली. त्या मोघमपणाची आम्हांस पुढें लाज वाटली. जें उत्तर त्या दिवशीं द्यावयास हवें होतें तें नीट देण्यासाठीं हा लेखनप्रपंच आहे.

आमचें मत आडपडदा न ठेवतां प्रथमच सांगून टाकतों. पर्यावरण-अभियांत्रिकी ही पदवीच्या पहिल्या वर्षापासून शिकण्यासारखी स्वतंत्र विद्या आहे. आमच्या सुशिक्षित घरांत तिला जें दुय्यम स्थान मिळतें त्याचें मूळ कारण पगार नव्हे, विटाळाची जुनी भावना हें होय. आणि ती भावना जोंवर गेली नाहीं, तोंवर नळाचें पाणी बिघडलें म्हणून तक्रार करण्याचा आमचा अधिकार फार लंगडा आहे.

मुलीनें ज्या प्रसंगाचा उल्लेख केला तो पुणेकर वाचक विसरले नसतील. जानेवारी २०२५ मध्यें सिंहगड रस्ता, नांदेड गांव, किरकटवाडी ह्या बाजूस 'जीबीएस' ह्या संक्षिप्त नांवानें ओळखल्या जाणाऱ्या आजाराचे रुग्ण एकाएकीं वाढूं लागले. हातापायांतील बळ जातें, आणि रोग बळावला तर श्वासही यंत्रावर चालवावा लागतो, असा हा आजार. पाहतां पाहतां रुग्णांची संख्या शंभराच्या वर गेली व कांहीं दगावले. कित्येक रुग्णांच्या नमुन्यांत कँपिलोबॅक्टर नांवाचा जंतु सांपडला, आणि संशयाचें बोट पिण्याच्या पाण्याकडे वळलें. मग नेहमीं होतें तेंच झालें. पाणी उकळून प्या असे इशारे निघाले, घरोघर पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांची चर्चा झाली, आणि साथ ओसरतांच सर्वजण आपापल्या उद्योगास लागले.

पाणी बिघडतें म्हणजे नेमकें काय होतें, ह्याचा वाचकांनीं क्षणभर विचार करावा. धरणांतून पाणी येतें, केंद्रांत गाळलें जातें, त्यांत क्लोरीन मिसळतात, येथपर्यंत सर्वांस ठाऊक असतें. परंतु आमच्या बहुतेक शहरांत नळास पाणी दिवसांतून कांहीं तासच येतें. उरलेल्या वेळांत वाहिनी रिकामी, तिच्यांत दाब नाहीं. आणि शेजारूनच सांडपाण्याची वाहिनी गेलेली. एखादा सांधा सुटलेला असला कीं बाहेरची घाण ओल आंत ओढली जाते, आणि दुसऱ्या दिवशीं पहिल्या धारेबरोबर ती आमच्या तांब्यांत उतरते. ही आपत्ति टाळावयाची तर तीन गोष्टी एकाच डोक्यांत असाव्या लागतात. वाहिनींतील दाब हा जलगतिशास्त्राचा विषय आहे. शेवटच्या घराच्या नळापर्यंत दर लिटरास निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहतें कीं नाहीं, हा रसायनशास्त्राचा. कोणता जंतु पाण्यांत किती काळ तग धरतो, हा जीवशास्त्राचा. आमच्याकडे पहिलें जाणणारा इंजिनियर, दुसरें जाणणारा केमिस्ट व तिसरें जाणणारा डॉक्टर असे तिघे तीन कचेऱ्यांत बसतात, आणि साथ आली म्हणजे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. ह्या तिघांस एका माणसांत आणणारी जी विद्या तीच पर्यावरण-अभियांत्रिकी. पूर्वीं तिला सॅनिटरी इंजिनियरिंग म्हणत. पुढें हवा, कचरा व कारखान्यांचीं विषें हींही तिच्या कक्षेंत आलीं व नांव बदललें. गाभा मात्र तोच राहिला.

ह्या विद्येचें सामर्थ्य पाहावयाचें असेल त्यानें जर्मनींतील हँबुर्ग व आल्टोना ह्या शहरांची गोष्ट आठवावी. दोन्ही एल्ब नदीच्या कांठीं, आणि एकमेकांस इतकीं खेटून कीं कांहीं ठिकाणीं सरहद्द रस्त्याच्या मधूनच जाई. १८९२ सालीं हँबुर्गमध्यें पटकी उद्भवली व सुमारें ८,६०० माणसें मेलीं. आल्टोना प्रवाहाच्या खालच्या अंगास होतें, म्हणजे हँबुर्गचा मैला पोटांत घेऊन आलेलें पाणी तें पीत होतें. तेथें ह्याहून भयंकर संहार व्हावयास पाहिजे होता. पण तेथें साथ त्या मानानें नांवालाच लागली. कारण एवढेंच कीं, आल्टोनामध्यें पाणी वाळूच्या थरांतून संथपणें गाळून देत असत, आणि श्रीमंत हँबुर्गनें ती सोय लांबणीवर टाकली होती. रस्त्याच्या एका बाजूस प्रेतें निघत होतीं, दुसऱ्या बाजूस संसार चालले होते. ह्या दुसऱ्या बाजूच्या लोकांस वांचविणारा कोणी धन्वंतरि नव्हता. वाळू किती बारीक, थर किती जाड, पाणी किती हळू, हें ठरवून ठेवणारा एक इंजिनियर होता. त्या साथीची चौकशी करणाऱ्या डॉक्टर कॉख ह्यांचें नांव सर्व जग घेतें. गाळणी बांधणाऱ्याचें कोणी घेत नाहीं.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप विद्वानांचा आहे व तो आदरानें ऐकण्यासारखा आहे. आधीं स्थापत्याची भक्कम पदवी घ्यावी, मग ज्यास हौस असेल त्यानें एम्. टेक्. ला पर्यावरण घ्यावें. अठराव्या वर्षींच इतक्या अरुंद दारांतून मुलास कशाला ढकलतां, असें ते विचारतात. ह्यांतील अर्धी गोष्ट खरी आहे. ज्यास मातीचें बळ व भिंतीवरचा दाब कळत नाहीं त्याची टाकी गळणारच. म्हणून ते विषय ह्या पदवींत असलेच पाहिजेत. परंतु दुसरा अर्धा भाग पाहा. स्थापत्याच्या चार वर्षांत पाणी व सांडपाणी ह्यांच्या वाट्यास फार थोडे विषय येतात, आणि गणिताची वाट धरणाऱ्या मुलाचें जीवशास्त्र बहुधा दहावींतच सुटतें. म्हणजे ज्या जंतूंच्या जिवावर सांडपाण्याचें शुद्धीकरण चालतें त्यांची व त्याची खरी ओळख व्हावयाची ती बाविसाव्या वर्षीं!

हें काम कसें चालतें तें एका स्नेह्याच्या कृपेनें आम्हीं प्रत्यक्ष पाहिलें आहे. १९१४ सालीं मँचेस्टर येथील आर्डर्न व लॉकेट ह्यांनीं जी पद्धति प्रसिद्ध केली तिच्यावरच आजही जगांतील असंख्य केंद्रें चालतात. तींत यंत्रें फक्त हवा फुंकतात व पाणी ढवळतात. मैला खाऊन पाणी निवळ करण्याचें काम अब्जावधि जंतु करितात. खाऊन पुष्ट झालेले जंतु तळाशीं बसतात, त्यांतले कांहीं पुन्हां टाकींत सोडावयाचे, कांहीं काढून टाकावयाचे. हवा कमी पडली किंवा एखाद्या कारखान्यानें रात्रीं हळूच विष सोडलें, कीं जंतु मरतात, आणि सर्व यंत्रें सुरळीत फिरत असतांही पाणी घाणच बाहेर पडतें. आम्हांस तें केंद्र कारखान्यापेक्षां गोठ्यासारखें वाटलें. ह्या गोठ्याचा गवळी तयार करण्यास चार वर्षें फार होत नाहींत. डॉक्टर करावयाच्या मुलास आधीं चार वर्षें वकिली शिकवावी असें कोणी म्हणत नाहीं. धनबादच्या आय. आय. टी. मध्यें ही पदवी दिली जाते, आणि २०२१ पासून 'गेट' परीक्षेंत ह्या विषयाची स्वतंत्र प्रश्नपत्रिकाही आहे. विद्वत्सभेनें पाट मांडला आहे. आम्हीच आमच्या मुलांस त्यावर बसूं देत नाहीं.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: नोकऱ्या कोठें आहेत? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ सालच्या हिशेबाप्रमाणें देशांतील शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होतें. तें शुद्ध करण्यासाठीं उभारलेल्या केंद्रांची शक्ति ३१,८४१ दशलक्ष लिटरांची. आणि प्रत्यक्ष शुद्ध होत होतें तें २०,२३६ दशलक्ष लिटर. म्हणजे शंभरांतील सुमारें अठ्ठावीस भाग. बाकीचें कोठें जातें हें कोणत्याही पुलावर उभें राहून नाकानेंच समजतें. तेव्हां काम नाहीं असें कोणी म्हणूं नये. नोकरी दुर्मिळ आहे, हें मात्र बऱ्याच अंशीं खरें आहे, आणि त्याचें कारण लाजिरवाणें आहे. पाणीपुरवठ्याच्या जागेसाठींही कित्येक जाहिरातींत स्थापत्याचीच पदवी मागतात. पर्यावरणाची पदवी घेतलेला उमेदवार दारांतूनच परत फिरतो. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ चा, पर्यावरण-संरक्षणाचा १९८६ चा. कायदे करून इतकीं वर्षें लोटलीं, तरी ते पाळून दाखविण्याची विद्या ज्यानें घेतली त्याचें नांव जाहिरातींत घालण्याचें पुष्कळांस सुचलेलें नाहीं. आम्ही सुशिक्षित लोक रस्त्यांतील खड्ड्यांविषयीं वर्तमानपत्रांस पत्रें लिहितों. जाहिरातींतील ह्या एका ओळीविषयीं कोणी पत्र लिहिल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. आम्ही खोटी आशा लावीत नाहीं. संगणकवाल्याचा पहिला पगार बहुधा अधिकच असेल. परंतु ज्या घरांत पोटाची चिंता तीन पिढ्यांपूर्वीं मिटली आहे, त्या घरानेंही पहिल्या पगारावरच मुलाचा जन्म मोजावा काय?

परंतु हे दोन्ही आक्षेप वरवरचे आहेत. खरा आक्षेप तिसरा, आणि तो उघड कोणी बोलत नाहीं. त्या गृहस्थांच्या तोंडून तो चुकून निसटला: 'आमच्या घराण्यांत आजवर कोणी हें केलें नाहीं.' अगदीं बरोबर. आमच्या घराण्यांत कोणी केलें नाहीं, कारण तें दुसऱ्या घराण्यांकडून करवून घेण्याची तजवीज आमच्या पूर्वजांनीं करून ठेविली होती. मैल्यास कोणीं शिवावयाचें हें आमच्या समाजानें जन्मावरून ठरविलें, आणि ज्यांनीं शिवावयाचें त्यांस शाळेच्या पायरीवरही चढूं दिलें नाहीं. त्यामुळें ज्या हातांस काम ठाऊक होतें त्यांस विद्या मिळाली नाहीं, व ज्यांस विद्या मिळाली त्यांनीं त्या कामाकडे ढुंकूनही पाहिलें नाहीं. आम्ही इतरांस दोष देऊन नामानिराळे राहूं इच्छीत नाहीं. वर सांगितलेलें केंद्र पाहावयास गेलों तेव्हां पहिल्याच टाकीपाशीं आमचा हात रुमालासह नाकाशीं गेला. तेथील कामगार आमच्याकडे पाहून हंसला, व तें हंसणें आम्हांस अजून आठवतें.

ह्या सोवळ्याची किंमत कोण देतो तें पाहा. भूमिगत गटाराचें सारें मर्म त्याच्या उतारांत असतें. आंतील पाणी दर सेकंदास सुमारें ०.६ मीटर वेगानें वाहिलें तर गाळ आपोआप वाहून जातो. उतार चुकला, वेग मंदावला, कीं गाळ बसतो, कुजतो, आणि त्यांतून हायड्रोजन सल्फाइड नांवाचा प्राणघातक वायु निघतो. मग गटार तुंबल्याची तक्रार येते, आणि कोणा गरिबास आंत उतरवितात. एकानें नकाशावर रेघ चुकवावी, आणि त्याचें प्रायश्चित्त दुसऱ्यानें जमिनीखालीं घ्यावें, असा हा न्याय आहे. हातानें मैला उचलण्याची प्रथा बंद करण्याचा कायदा १९९३ सालीं झाला, अधिक कडक असा २०१३ सालीं झाला. आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें गटारांत मृत्यु पावलेल्याच्या कुटुंबास तीस लक्ष रुपये द्यावे असें फर्माविलें. हें सर्व योग्यच झालें. पण माणसास गटारांत उतरवूं नका, एवढेंच कायदा सांगूं शकतो. ज्यांत कोणास उतरावेंच लागूं नये असें गटार बांधणें हें काम न्यायमूर्तींचें नव्हे. तें ज्यांचें आहे त्यांस आम्ही घरांतून तिकडे जाऊंच देत नाहीं.

आमच्या महाराष्ट्रांत ह्या बाबतींत उपदेशकांची वाण कधींच नव्हती. गाडगे महाराज दिवसा गांव झाडीत व रात्रीं कीर्तन करीत. आम्हीं कीर्तनास मान डोलाविली, आणि झाडू तसबिरींत बंदिस्त केला. अप्पासाहेब पटवर्धन तर आमच्यासारखेच कॉलेजांत शिकलेले. त्यांनीं १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत सफाईचें काम आपणांस करूं द्यावें म्हणून उपोषण आरंभिलें, आणि पुढें कोंकणांत सुधारलेले संडास व मैल्याचें खत ह्यांचे प्रयोग केले. त्यांस आम्ही 'कोंकणचे गांधी' म्हणतों, व तेवढ्यावर मोकळे होतों. त्या प्रयोगांचें पुढचें पाऊल म्हणजे चांगली प्रयोगशाळा व चांगला अभ्यासक्रम हें होतें, असें फारच थोड्यांच्या मनांत आलें.

इतकें म्हटल्यावर आमच्या व्यवसायबंधूंसही दोन शब्द ऐकविणें प्राप्त आहे. जुन्याच पाटीवर 'पर्यावरण' हा शब्द नव्यानें रंगविला म्हणजे नवी विद्या सुरू झाली असें नव्हे. वृक्षारोपण व घोषवाक्यांच्या स्पर्धा ह्यांनाही पर्यावरण म्हणतात. पण त्यांनीं नळाचें पाणी शुद्ध होत नाहीं. एक उदाहरण देतों. सांडपाण्यांतील घाण मोजण्याची प्रमुख कसोटी अशी कीं, ती घाण खाण्यास जंतूंस किती प्राणवायु लागतो तें पाहावयाचें. इंग्लंडांत ह्यासाठीं पांच दिवसांची मुदत ठरली. तेथील नद्यांचें पाणी समुद्रास मिळण्यास त्याहून अधिक दिवस लागत नाहींत, असें तिचें कारण सांगतात. आमच्या उष्ण देशांत हीच कसोटी २७ अंशांवर व तीन दिवसांची घेतात. विद्यार्थ्यास दोन्ही आंकडे पाठ असतात. दोहोंत फरक कां, असें विचारलें म्हणजे पुष्कळ जण गप्प बसतात, कारण परीक्षेंत तें विचारीत नाहींत. ह्या पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्यानें निदान एक पावसाळा सांडपाण्याच्या केंद्रावर काढावा, नमुन्याची बाटली स्वतःच्या हातानें भरावी, आणि कोणत्या चौकांतलें झांकण पहिल्या पावसांत उचललें जातें हें ज्या सफाई-कामगारास पाठ आहे त्यास गुरु करावें. नागपूरची नीरी ही संस्था १९५८ पासून, प्रथम निराळ्या नांवानें, ह्याच विषयाचें संशोधन करीत आली आहे. घरच्या अंगणांत अशी विहीर असतां आमच्या महाविद्यालयांनीं पाठ्यपुस्तकाच्या घागरीवर समाधान मानूं नये.

आणि ही विद्या मुलींची नव्हे, असें ज्यांस वाटतें त्यांस एकच नांव सांगतों. एलेन स्वॅलो रिचर्ड्स ह्या बाई अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रविद्यालयाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर, साल १८७३. पुढें त्या प्रांतांतील पाण्याचे हजारों नमुने त्यांच्या देखरेखीखालीं तपासले गेले, आणि त्यांनीं शिकविलेल्या विद्यार्थ्यांनीं हें शास्त्र पुढें नेलें. त्यांच्याही घराण्यांत त्यांच्यापूर्वीं कोणी हें केलेलें नव्हतें.

त्या गृहस्थांच्या कन्येचें पुढें काय झालें, असें वाचक विचारतील. जुलै अखेर गृहस्थ पेढे घेऊन आले. मुलीस कॉम्प्युटरला प्रवेश मिळाला होता. मोघम सल्ल्याचें हें फळ आमच्या पदरीं पडलें, व तो पेढा आम्हीं खाल्ला. निघतांना ते आनंदानें म्हणाले, "सर, घरीं पाणी शुद्ध करायचें नवें मशीन बसवून घेतलें आहे. आतां चिंता नाहीं." त्यांच्या घराखालून जी वाहिनी जाते तिच्यांत दाब किती असतो, हें त्यांस किंवा आम्हांस आजही ठाऊक नाहीं, आणि जें मूल हें शोधून काढावयास निघालें होतें त्यास आम्हीं दोघांनीं मिळून परत फिरविलें.

ह्यापुढें जूनमध्यें जे कोणी आमच्याकडे येतील त्यांस एक नम्र सूचना आहे. आम्ही आधीं त्यांस आमच्या गल्लीच्या टोकाशीं नेऊन तेथील तुंबलेलें झांकण दाखवूं. तेथें पालक काय म्हणतात व मूल काय विचारतें हें ऐकून घेऊं. मग जिना चढून चहा, आणि चहाबरोबर ह्या वेळीं स्पष्ट उत्तर.